धग लावलेली माणसं

तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. मांडून दाखवता येत नाही ते खरं नाही, हे मुलांच्या डोक्यात भरता भरता माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून ही गोष्ट मी सहसा सांगत नाही. आज तुम्ही विषय काढलात, तर सांगते.

माझा धाकटा भाऊ अत्तरं बनवतो. लहानपणी शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास घेऊन त्यात काय काय पडलंय ते सांगायचा, म्हणून घरात त्याचं नाव पडलं नाक्या. साबणाच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून त्यानं एका छापखान्याच्या वरची खोली घेतली आणि स्वतःची अत्तरं बनवायला लागला. मोजक्या बाटल्या, मोजकी गिऱ्हाइकं. बायको सोबतीला. तिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. तेव्हा तिला नववा महिना लागला होता, तरी लेबलं चिकटवायला रोज जिना चढून यायचीच.

त्या वर्षी त्यानं एक नवं अत्तर केलं. काळी मिरी, लवंग, थोडा कातड्याचा वास आणि खाली धुमसणाऱ्या लाकडाचा धूर. नाव ठेवलं ‘धग’. मी विचारलं, “हे बाईनं लावायचं की बाप्यानं?” तर म्हणाला, “ज्याला नाक आहे त्यानं.”

विकायला काढण्याआधी त्यानं ओळखीच्या माणसांना छोट्या कुप्या दिल्या. आठ दिवस लावा, आणि अंगावर काय होतं ते सांगा. आठव्या दिवशी हे अभिप्राय गोळा करायला मी निघाले, कारण नाक्याला सर्दी झाली होती. वासावर जगणाऱ्या माणसाचं नाक बंद. घरात तो एक विनोदच झाला होता.

पहिली गाठली दातांची डॉक्टर. तिच्या अंगावर म्हणे लवंगच उठून यायची, त्यामुळे पेशंटना तो दवाखान्याचाच वास वाटायचा. दुपारनंतर लवंग मावळायची आणि धूर वर यायचा. “शेकोटीपासून उठून आलेल्या माणसाच्या कोटाला येतो ना, तसा. मला आवडला,” ती म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं. ती हातमोजे काढत जरा घुटमळली.

“अजून एक आहे. लिहू नका वाटलं तर... परवा मी आतल्या खोलीत औषधं लावत होते. धूर एकदम दाट झाला. आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवला. गरम हात. मला दारापर्यंत नेलं आणि बाहेर काढलं.”

“ढकललं?”

“नाही हो. दमानं. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात, तसं.”

दिवसभर उभं राहून थकत असेल, असं मी मनात म्हटलं.

दुसरा बसचा ड्रायव्हर. त्याच्या अंगावर मिरी घटकाभरही टिकायची नाही, नुसता धूर. बायकोला वाटलं, यानं सिगारेट पुन्हा धरली. दोन दिवस अबोला. हे सगळं तो हसत हसत सांगत होता. मग म्हणाला, “बाई, डेपोत रिकाम्या गाडीत बसलो होतो. पाठीला हात लागला. मी उतरलो आणि बावळटासारखा गाडीबाहेर उभा राहिलो. मागे वळून बघायचं धाडस काही झालं नाही.”

“गाडीला काही झालं?”

“काय होणार? उभी होती तशीच.”

तिसरी ग्रंथालयातली बाई. ती मितभाषी. तिनं कुपी रुमालात गुंडाळून तयारच ठेवली होती. “वास सुंदर आहे. पहिल्यांदा ठसका लागतो, मग गोडी येते. पण मला ही नको.” का, म्हणून विचारलं तर टेबलावरची पुस्तकं सारखी करत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, “घाई आहे त्याला. कशाची ते कळत नाही... पण फार घाई आहे.”

तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकाच गणिताला तीन मुलांचं एकच उत्तर आलं, तर मी आधी कॉपी शोधायची. इथे कॉपी कुणाची करणार?

भर दुपारी मी छापखान्याशी पोचले. खालची मशीनं जेवणासाठी बंद होती. वर नाक्या विजेच्या शेगडीवर पाण्यात काचेचं भांडं ठेवून काहीतरी ढवळत होता, चिमणी खिडकीशी लेबलं कापत होती. टेबलाखाली स्पिरिटचं पत्र्याचं पिंप. खोलीत नेहमीचाच तो डोक्यात जाणारा वास.

मी वही वाचून दाखवली. नाक्या नाक पुसत पुसत हसला. “ताई, हे छापायला हवं. अत्तर घ्या, सोबत फुकट सोबती.”

चिमणी मात्र हसली नाही. “ताई, तुम्ही लावून बघितलंत का?”

लावलं नव्हतं. मी कुपी उघडली, दोन थेंब मनगटावर घेतले आणि तेच हात मानेला पुसले. मिरीनं नाक चुरचुरलं. मग लवंग. मग बराच वेळ काहीच नाही. नाक्या सर्दीवरच्या गोळ्यांबद्दल काहीतरी बोलत होता, चिमणीची कात्री करकर चालली होती.

आणि धूर आला.

हळूहळू नाही. कुणी ओल्या लाकडांवर फुंकर मारावी, तसा एकदम. मी शेगडीकडे पाहिलं. भांडं शांत होतं. खोलीत धुराची एक रेघ नव्हती. पण माझ्या नाकातोंडात तो भरला होता, डोळ्यांना पाणी आलं होतं. आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक तळवा टेकला.

गरम. खडबडीत. कष्टाच्या माणसाचा.

मी वळले नाही. माझ्यासमोर ते दोघं होते, खोलीत चौथं कुणी नव्हतं, एवढा हिशेब मला उभ्या उभ्या करता येत होता. तळव्यानं रेटा दिला. मी पाय रोवले. रेटा वाढला... दमानं वगैरे नाही, चांगला कुणीतरी निकरावर आल्यासारखा. तेव्हा ग्रंथालयातल्या बाईचे शब्द मला समजले. खरंच फार घाई होती त्याला.

खरं सांगितलं असतं तर नाक्या पुन्हा हसत बसला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी धादांत खोटं बोलले.

“मला चक्कर येतेय. छातीत दुखतंय. दोघंही धरा मला, खाली न्या.”

“ताई, इथेच आडवी हो ना, मी पाणी...”

“खाली ने म्हणते ना.”

वर्गातला आवाज निघाला असावा. दोघं मुकाट्यानं उठले. चिमणीनं एक दंड धरला, नाक्यानं दुसरा. तळवा जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत माझ्या पाठीला होता. मग निघाला. नुसती ऊब राहिली.

आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या कट्ट्यावर बसलो. नाक्या माझी नाडी बघत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. “शेगडी चालूच राहिली,” असं म्हणून तो उठायला लागला. मी त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला. “बस. दोन मिनिटं बस माझ्याजवळ.”

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. वरची खिडकी काचांसकट रस्त्यावर आली.

पिंपाला तळाशी भोक पडलं होतं, हे नंतर कळलं. स्पिरिट फळ्यांवरून पसरत शेगडीच्या वायरपर्यंत गेलं होतं. नाक्याचं नाक बंद, माझ्या नाकात धूर, आणि चिमणीला त्या वासाची इतकी सवय झालेली की कमी-जास्त कळायचंच नाही. खोलीतलं काहीही वाचलं नाही. छापखान्यातली माणसं जेवायला गेलेली, त्यामुळे कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या रात्री मी किती वर्षांनी तरी गाढ झोपले. तीन आठवड्यांनी चिमणीला मुलगी झाली. दणदणीत रडणारी, आणि नाकानं थेट बापावर गेलेली. नाक्यानं नवी खोली घेतली. कृती डोक्यात होतीच म्हणून ‘धग’ही पुन्हा बनवलं. मी लावलं, डॉक्टरीणबाईंनी लावलं, ड्रायव्हरनं तर बायकोला विचारून लावलं. मिरी, लवंग, धूर. छान वास. बाकी काही नाही. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि तो विषय मिटला.

बाळ दीड महिन्याचं असताना अग्निशमन दलाचे साहेब अहवालावर सही घ्यायला घरी आले. सरळ, अबोल माणूस. मी सही केल्यावर त्यांनी कागद घडी केला, पण उठले नाहीत.

“सगळ्यांत शेवटी बाहेर कोण पडलं होतं?”

“आम्ही तिघं एकदमच,” मी म्हटलं. “दार उघडंच टाकून आलो.”

“आम्हाला ते तोडावं लागलं.” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे चिमणी बाळाला थोपटत होती. त्यांनी आवाज खाली आणला. “दाराची कडी आतून लावलेली होती. आणि वरचा बोल्टसुद्धा. कडी एखादे वेळी धक्क्यानं पडते, बाई. बोल्ट वर सरकवून आडवा फिरवावा लागतो.”

शेगडी बंद करायला पुन्हा वर निघालेला नाक्या मला आठवला.

“आत कुणी राहिलं असेल म्हणून आम्ही राख दोनदा चाळली,” ते म्हणाले. “नव्हतं कुणी.”