खुर्च्यांची अदलाबदल

आमची पहिली भेट चष्म्याच्या दुकानात झाली. दुकान त्याचंच. तो माझ्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होता.

"ही बरी की ही?"

"दोन्हींत तुम्ही सारखेच दिसता."

"म्हणजे नंबर बराच वाढलाय…" तो गालातल्या गालात हसला, आणि माझी विकेट तिथेच पडली.

सहा वर्षांनी त्याच माणसाशेजारी मी समुपदेशक बाईंच्या खोलीत बसले होते. बाहेर सकाळपासून पावसाची रिपरिप. ही शेवटची बैठक. यानंतर वेगळं व्हायचं की नाही ते ठरणार होतं. माझी तक्रार एकच, आणि ती मी वर्षभर उगाळत होते – याचं मन उडालंय, याला घर नकोसं झालंय. त्यावर तो काहीतरी विनोद करायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"आज नवऱ्याच्या खुर्चीत बसा," बाई म्हणाल्या, "आणि त्यांच्या मनातलं तुम्ही बोला."

खुर्ची अजून उबदार होती. मी तो होऊन बोलायला लागले. "संध्याकाळ झाली की माझ्या पोटात गोळा येतो. नसती कामं उकरून काढून मी ऑफिसात बसून राहतो. जिना चढताना वाटतं, ते दार उघडूच नये…"

"माझं तर दुकान आहे," तो हळूच म्हणाला. "ऑफिस तुझं. मी साडेसहालाच घरी असतो गं… कुकर लावून तुझी वाट बघत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर त्याच्या माथी मारलेलं सगळं माझंच होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"कशाची भीती वाटते?" त्याने विचारलं. आज विनोद नव्हता.

"घर रिकामं असण्याची. लहानपणी एकदा शाळेतून आले, तर बाबा कपाट मोकळं करून निघून गेले होते… तूही जाशील म्हणून मीच आधी लांब सरकत गेले. तू मला फार आवडतोस रे. तीच तर पंचाईत आहे."

त्याचे डोळे भरून आले. "मी जोक मारतो ना," तो म्हणाला, "तेव्हा मला रडायला येत असतं."

बाईंनी समोरची वही मिटली.

"मग, काय ठरलं?" बाईंनी विचारलं.

तो माझ्याकडेच बघत होता. "आजही उशीर कर हवा तर. पण ये."

"येईन," मी म्हणाले. पोटातला गोळा तसाच होता.