तांबट गल्लीचा साक्षीदार

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक गल्ली बघा. दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घरापुढे दगडी ओटा. त्यातल्या एका ओट्यावर काचेची टाकी आहे आणि टाकीच्या माथ्यावर एक दिवा. सकाळी नळाला पाणी आलं की बायका हंडा लावण्याआधी मान वळवून त्या दिव्याकडे बघतात. दिवा हिरवा असला की बिनघोर पाणी भरतात. कोणी पाणी उकळत नाही, कोणी तुरटी फिरवत नाही. दिसली गल्ली? मग आता त्या ओट्यावर टाकीला नाक लावून बसलेली मुलगीही दिसली असेल. ती वैजयंती पोटफोडे. सगळी गल्ली तिला वैजू म्हणते.

त्या टाकीचं नाव होतं जलसाक्षी. नगरपालिकेने दर गल्लीत एक टाकी बसवली होती आणि चिठ्ठ्या टाकून ती कोणाच्या ओट्यावर ठेवायची ते ठरवलं होतं; या गल्लीत चिठ्ठी वैजूच्या घराची निघाली. गल्लीच्या नळातूनच एक बारीक नळी टाकीत येई. माशांना क्लोरीन सोसत नाही म्हणून वाटेत तेवढं शोषून घेणारी एक डबी होती. बाकी पाणी जसं माणसं पीत तसंच माशांना. मासे होते ड्वार्फ गुरामी, म्हणजे बुटक्या जातीच्या गुरामींची एक जोडी. नर बोटाएवढा, अंगावर निळे-तांबडे तिरपे पट्टे; मादी साधी, राखी रंगाची.

हेच मासे का निवडले, ते वैजूला दिघेकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिघेकाका म्हणजे दर सोमवारी टाकी तपासायला येणारे पालिकेचे कर्मचारी. गुरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचं एक छोटंसं हवाघर असतं. मासा अधूनमधून वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. पाणी चांगलं असेल तर त्याचे कल्ले नीट काम करतात आणि त्याला वर क्वचितच यावं लागतं. पाण्यात काही वाईट मिसळलं, कल्ले झोंबायला लागले, की बिचारा सारखा वर धावतो. टाकीवरचा कॅमेरा पट्टेवाल्या नराच्या त्या फेऱ्या मोजतो आणि आकडा दाखवतो. तासाभराची मोजणी पुरी झाल्यावर त्या ठरावीक आकड्यापुढे असल्या की दिवा लाल होतो आणि पालिकेची माणसं बिघडलेला पाइप शोधायला रस्ता खोदतात.

दोन वर्षं दिवा कधी लाल झाला नाही. आणि या श्रावणात गल्लीत कावीळ आली.

आधी कोपऱ्यावरचे शिंपी, मग त्यांच्या दोन्ही मुली, मग वैजूच्या वर्गातली नगमा. डोळे हळदीसारखे, अंगात त्राण नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की ही पाण्यातून येणारी कावीळ आहे आणि पोटुशी बाईला ती झाली तर जिवावर बेतू शकतं. शेजारच्या नंदावहिनींना सातवा महिना लागला होता. वैजू धावत त्यांच्याकडे गेली.

“वहिनी, पाणी उकळून प्या.”

“का गं? तुझाच मासा सांगतोय ना, पाणी चांगलं आहे. आता त्याच्याहून तू शहाणी झालीस?”

वहिनी हसल्या आणि हंडा उचलून आत गेल्या. वैजूला मात्र हसू आलं नाही. कोणीतरी खोटं बोलत होतं.

पहिला संशय दिघेकाकांवर. दर सोमवारी यायचं, झाकण उघडायचं, काहीतरी खुडबुड करायची आणि सही करून जायचं. दिव्याची तार यांनीच हिरव्यावर अडकवून ठेवली नसेल कशावरून? वैजूने रविवारी टाकीपुढे बसकण मारली. तीन तास ती हलली नाही. नराची प्रत्येक फेरी तिने पाटीवर रेघ ओढून टिपली आणि मग कॅमेऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहिली. एका फेरीचाही फरक नव्हता. यंत्र खरं बोलत होतं.

मग तिला वाटलं, कोणी मासेच बदलले असतील. पण नराच्या शेपटीला लहानपणापासून एक खाच होती, ती जागच्या जागी होती. मासाही तोच, आणि तोही खरं बोलत होता.

मंगळवारी नराने बुडबुड्यांचं घरटं बांधलं. गुरामींची ही रीतच आहे. नर तोंडाने बुडबुडे सोडतो, तरंगत्या झाडांच्या मुळांत ते अडकवतो आणि त्या फेसात अंडी सांभाळतो. एकदा अंडी आली की मादीलासुद्धा जवळ येऊ देत नाही. बुधवारी सकाळी मादीचे पंख फाटलेले दिसले. तिला वाचवायला वैजूने तिला बादलीत काढलं. बादलीत नळाचंच पाणी होतं, पण दोन दिवस उघड्यावर ठेवलेलं. क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं.

तासाभरात मादी बादलीत सारखी वर येऊ लागली. खाली जायची, लगेच वर. कल्ल्यांच्या कडा लालभडक. वैजूने तिला घाईघाईने पुन्हा टाकीत, जाळीच्या आड सोडलं. दुपारपर्यंत मादी शांत झाली.

एकाच नळाचं पाणी. टाकीत सुख आणि बादलीत जाच. टाकीत असं काय होतं जे बादलीत नव्हतं?

वैजूने टाकीकडे बघितलं. टाकीत झाडं होती. तळाशी दाट पाणगवत, वर कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगणारी पाणकोबी, तिच्या मिशांसारख्या लांब मुळ्या. पालिकेने टाकी दिली तेव्हा ती अगदी उघडी होती. ‘टाकीत काहीही घालू नये’ असं काचेवर लिहिलंही होतं. पण गुरामी भित्रा मासा. उघड्या टाकीत तो कोपऱ्यात दडून बसायचा, रंग उडालेला. वैजूला ते बघवलं नव्हतं. तिने तळ्यावरून एकेक रोप आणून लावलं आणि मासे खुलले. दिघेकाकांनाही टाकी इतकी आवडली की त्यांनी त्या ओळीवर बोटच ठेवलं नाही.

त्या दुपारी दिघेकाका मुद्दाम बोलावल्यावर आले. सगळं ऐकून ते ओट्यावर बसले. त्यांनी सांगितलं ते असं: गटाराचं पाणी नळाच्या पाइपात झिरपत असेल तर त्याबरोबर अमोनिया येतो, मुतारीत डोळ्यांना झोंबतो तोच. माशांच्या कल्ल्यांना तो जाळतो. पण झाडांचं ते खत. वैजूची झाडं तो सगळा पिऊन टाकत होती. काविळीचे जंतू मात्र माणसांच्या हंड्यात बिनबोभाट जात होते.

“म्हणजे मीच,” वैजू म्हणाली.

“तू एकटी कशी? मी दर सोमवारी कौतुक करून जात होतो ना.”

“मग आता सांगा ना ऑफिसात. मादीची गोष्ट सांगा.”

“सांगतो. पण बादलीतल्या माशाची साक्ष कोणी धरत नाही, पोरी. नमुना तपासायला पाठवला तर आठ दिवस जातील. टाकीवर लाल दिवा लागला तर तासाभरात पाणी बंद होतं आणि खोदकाम सुरू होतं. हिरव्या दिव्यावर कोणी रस्ता फोडत नाही.”

समोरून नंदावहिनी कळशी घेऊन नळाकडे निघाल्या होत्या. संध्याकाळचं पाणी यायची वेळ झाली होती. दिघेकाकांनी त्यांना हटकलं, उकळून प्या म्हणून विनवलं. वहिनींनी टाकीवरच्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि पुढे गेल्या. दोन वर्षं सगळ्यांनी मिळून लावलेली सवय होती ती.

वैजूने टाकीत डोकावलं. पाणकोबीच्या मुळांत फेसाचं घरटं होतं, त्यात खसखशीएवढी अंडी. नर खाली उभा होता. एक अंडं निसटून खाली आलं, तसं त्याने ते तोंडात धरलं आणि परत फेसात नेऊन ठेवलं. झाडं काढली तर घरटं जाणार. नळाचं पाणी सोडलं तर त्याचे कल्ले जळणार. आणि दिवा लाल होण्यासाठी त्याला पुरता एक तास जळावं लागणार.

“मी काढू का झाडं?” दिघेकाकांनी विचारलं. “तू आत जा.”

वैजूने नकारार्थी मान हलवली. तिने आतून एक परात आणली, टाकीतलंच पाणी त्यात घेतलं आणि घरटं ज्या रोपाला होतं ते रोप फेसासकट अलगद उचलून परातीत ठेवलं. बापाशिवाय त्या अंड्यांचं काय होईल ते तिला माहीत नव्हतं, काकांनाही नव्हतं. मादीला तिने टाकीतल्याच पाण्यात, निराळ्या भांड्यात ठेवलं. मग बाही वर सरकवून तिने पाणगवत मुळासकट उपटलं, एक जुडी, दुसरी जुडी, सगळं. अर्धी टाकी उपसली आणि नळीचा कॉक पूर्ण उघडला.

नर आपलं घरटं शोधत उघड्या टाकीभर फिरला. थोड्या वेळाने तो वर आला, घोट घेतला, खाली गेला. लगेच पुन्हा वर आला. आकडा चढू लागला. दिवा अजून हिरवाच होता.

वैजू मासे काढायची जाळी हातात घेऊन टाकीशी बसली. मासा आता तळाशी जातच नव्हता. जाळी तिने पाण्यात घातली, त्याच्या पोटाखाली नेली आणि तिथेच, न उचलता, घट्ट धरून ठेवली.

“काका,” आकड्यावरची नजर न काढता तिने विचारलं, “अजून किती मिनिटं?”