पत्ता सांगू नका

हसा लेकांनो, हसून घ्या. बाबुराव मुकादमही भुताचं नाव काढलं की असाच हसायचा. आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर राहायचा; म्युन्सिपाल्टीत नोकरी, आवाज दणदणीत आणि काळीज लोण्याचं. हे त्याच्याच बाबतीत घडलं.

छप्पन्न सालची पौष अमावास्या, त्यात शनिवार. जानेवारीत मुंबईसाठी गोळ्या झेलून माणसं गेलेली, शहर अजून सावरलं नव्हतं. अशात हुकूम निघाला, फुटपाथवर कुणी झोपायचं नाही. झोपड्या उठवा आणि माणसांना माझगावला, गोदीजवळच्या रिकाम्या वखारीत नेऊन ठेवा. परळला एका गिरणीच्या भिंतीलगत बरीच बिऱ्हाडं होती. ती उठवायचं काम बाबुरावाच्या गळ्यात पडलं.

दुपारी लॉरी आली तशी रडारड झाली, शिव्याशाप झाले. पोटापाण्याचं काम इथं आणि झोपायचं तिकडं, कोण खुशीनं जाईल? त्यातली कौसल्या नावाची एकटी बाई मात्र चार वर्षांच्या लेकीला, दुर्गाला, कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी लॉरीत चढली.

"भाऊ, तिथं दार हाय का? रातचं लावत्यात?"

"अगं, भलं मोठं लोखंडी दार आहे."

"मग झालं. कुणी इचारलं तर आमचा पत्ता सांगू नका. कुणालाच."

असेल दारुडा नवरा, असं मनाशी म्हणून बाबुरावानं मान डोलावली.

रात्री त्या जागेवर पुन्हा कुणी पथारी टाकू नये म्हणून पहाराही त्यालाच. विडी ओढत बसला. मध्यरात्र उलटली असेल. भिंतीच्या कडेनं एक माणूस आला, डोक्यावरून घोंगडी घेतलेला. कौसल्याची झोपडी होती तिथं उकिडवा बसला आणि हातानं जमीन चाचपू लागला.

"काय हरवलं रे?"

"माझी पोर."

एवढंच बोलला. बाबुराव विडी टाकून त्याच्याजवळ गेला. दारूचा वास नव्हता. गिरणीच्या पाळीवरून आलेला बाप, आणि बिऱ्हाडाच्या जागी नुसता फुटपाथ! हे पाप आपल्या हातून झालं, असं त्याला वाटलं. कौसल्याला दिलेला शब्द तो विसरला.

"चल बाबा, दाखवतो."

बाबुराव पुढं, तो मागं. बाबुराव बोलत होता, मागून हुंकार येत होता. भायखळा गेलं. हुंकार थांबले. रस्त्यातली कुत्री भुंकत नव्हती. उठून बाजूला होत होती... बाबुरावानं मागं वळून पाहिलं नाही. का, ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

वखार आली. पहारेकऱ्यानं कडी काढली.

"एकटेच, मुकादम?"

"हा काय मागं... ये रे, ये आत."

काहीतरी गार अंगाला घासून गेलं. पहारेकरी त्याच्या पाठीमागं बघत राहिला. तिथं कुणी नव्हतं.

आत, झोपलेल्यांच्या रांगेत, कौसल्या ताडकन उठून बसली.

"कुणाला आणलंत?"

"दुर्गाच्या बापाला... तो तिथं..."

"गिरणीतनं सुटून येताना त्यास्नी गोळी लागली, भाऊ. तीन आठवडं झालं." ती ओरडली नाही. "दहाव्याला कावळा शिवला न्हाई. पोरीत जीव अडकलाय. रोज रातीला येत्यात. तिला म्हणत्यात, माझ्यासंगं चल..."

बाबुरावानं वळून दाराकडं पाहिलं.

"बोलावल्याबिगर उंबऱ्याच्या आत येत न्हाईत. फुटपाथला उंबरा कुठला? म्हणून तर आले मी..." ती थांबली. "तुम्ही... बोलावलंत?"

बाबुरावानं खांबाला टांगलेला कंदील काढला.

कौसल्यानं गोधडी बाजूला केली. दुर्गा झोपली होती. छाती वरखाली होत होती. बाबुरावाचा जीव भांड्यात पडला. त्यानं कंदील जवळ नेला...

वखार लोखंडाचा माल ठेवायची. गिरणीचा कापूस तिथं कधी आला नव्हता. आणि पोरीच्या केसांत, टाळूपासून वेणीच्या टोकापर्यंत, कुणी हात फिरवावा तशी, गिरणीतल्या कापसाची पांढरी तूस चिकटली होती.