दुपारची वही

रजेच्या पहिल्या सोमवारी मी साडेदहाला दुसरा चहा घेतला, तोही बसून. बावीस वर्षांत हे जमलं नव्हतं. अकराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या ओट्यावर उन्हाचा एक तुकडा येतो आणि सरकत सरकत सिंकपर्यंत जातो, हे मला त्या दिवशी कळलं. घर माझं, कर्जही मीच फेडलेलं, पण त्याची दुपार मी अशी बसून कधी पाहिलीच नव्हती. मी तो तुकडा सिंकपर्यंत पोचेस्तोवर नुसती बघत बसले. फार बरं वाटलं.

माझं काम अक्षरं तपासण्याचं. मृत्युपत्रावरची सही खरी की कुणी नक्कल केलेली, निनावी पत्र कुणाच्या हातचं, हे मी भिंगाखाली पाहून सांगते आणि वेळ पडली तर कोर्टात शपथेवर सांगते. ऐकायला भारी वाटतं, पण सगळं काम मान मोडून करायचं असतं. शेवटी अशी गत झाली की भाचीने वाढदिवसाला पाठवलेलं पत्र हातात घेतलं आणि मजकूर राहिला बाजूला, ‘वेलांट्या घाईत दिल्यात’ एवढंच डोक्यात आलं. त्याच आठवड्यात मी वर्षभराच्या रजेचा अर्ज केला.

ऑफिसात मी मानेचं कारण सांगितलं. खरं कारण आई होती.

चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात कायमचा गेला. डावा हात आणि जीभ शाबूत राहिली, आणि जीभ तर पूर्वीपेक्षा तल्लख झाली. सकाळ-रात्रीची औषधं मी देत असे. सुटीच्या दिवशी दुपारची गोळीही मीच कामाच्या धांदलीत पटकन द्यायचे. ऑफिसच्या दिवशी मात्र दुपारी एकच्या गोळीचा प्रश्न होता, कारण एका हाताने तिला पाकीट फोडता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी घराची किल्ली दिली, डॉक्टरांनी सांगितली तशी नोंदींची वही दिली आणि सुटले. तपासणीला आईला दादा न्यायचा, वहीसुद्धा तोच न्यायचा. दुपार कशी जाते, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ऑफिसात रोज एकला डबा उघडताना मात्र पहिला घास अडायचा. आई एकटी बसली असेल, गोळी मिळाली असेल की नसेल. चार वर्षं रोज.

तर सोमवारी साडेबाराला आईने डाव्या हाताने केस विंचरले.

“खुर्ची खिडकीशी घे,” ती म्हणाली. “आणि स्टूल पुढे ओढ.”

मी खुर्ची घेतली, स्टूल ओढलं. ते कोपऱ्यातलं जुनं स्टूल. त्यावर मी कधी बसत नाही, पाठ दुखते. त्याची उशी मधोमध चांगलीच दबलेली होती.

“बस ना, रोजच्यासारखी,” आई म्हणाली.

काकूंच्या सवयीने म्हणत असेल, असं मला वाटलं. एक वाजता मी गोळी दिली. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“आज घाईत आहेस,” ती म्हणाली.

मी घाईत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच नव्हते.

मंगळवारी मी काकूंकडे गेले. चार वर्षांचे आभार एकदमच मानायचे होते. काकू मटार सोलत बसल्या होत्या.

“आभार कसले गं? मी आले असेन जेमतेम आठवडाभर. मग तूच येऊन किल्ली आणि वही घेऊन गेलीस. म्हणालीस, काकू, दुपारचं मी बघेन.”

“मी? कधी?”

“आता तारीख कुठली आठवायला? दुपार होती.” त्यांनी एक शेंग फोडली. “रोज पावणेएकला जिन्यात तुझी पावलं वाजली की मी गॅस पेटवायचे. काल वाजली नाहीत, तर आमची जेवणं दोनला झाली. तब्येत बरी आहे ना तुझी?”

मी बरी आहे म्हणाले आणि वर आले. जिना चढताना स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, तो नकोसा वाटला.

माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. आत शिरताना आणि बाहेर पडताना मशीनवर अंगठा उमटवावा लागतो. एकला मी दोन सहकाऱ्यांबरोबर जेवते, आणि त्यातला एक माझ्या भाजीत हात घालतो म्हणून चार वर्षं माझी त्याच्याशी भांडणं चालू आहेत. मी तिथेच होते.

दादाला फोन केला.

“वहीचं काय विचारतेस?” तो म्हणाला. “तुझ्याच अक्षरात तर आहे. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणतात, बहिणीने दुपारची गोळी एकदाही चुकवली नाही, म्हणून दुसरा झटका आला नाही. मला वाटलं तू जवळपासच्या ऑफिसात बदली करून घेतलीस. तू काही सांगतेस थोडीच.”

“दादा, मी—”

“मला मात्र अपराधी वाटतं बरं का,” तो म्हणाला.

आईला मी बुधवारी विचारलं. सरळ विचारायला धीर होईना, म्हणून चादर बदलता बदलता विचारलं.

“दुपारी कोण येतं गं?”

“तू,” आई म्हणाली. माझी गंमत करताना तिची एक भुवई वर जाते. ती गेली नाही. “वही उशीखाली आहे.”

वही जाडजूड होती, चारशे पानी. आत मागच्या पानाशी काकूंना दिलेली किल्ली चिकटपट्टीने लावलेली होती. मी ती वही, टेबलावरचा दिवा आणि भिंग घेऊन आतल्या खोलीत बसले. रजेवर असताना भिंगाला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. ते तिसऱ्या दिवशीच मोडलं.

खोटं अक्षर कसं ओळखायचं, ते सांगते, त्यात जादू काही नाही. नक्कल करणारा लिहीत नाही, तो चित्र काढतो. म्हणून त्याचा हात सावकाश चालतो, रेघ किंचित थरथरते, आणि आता पुढे कसं वळायचं हे बघायला तो अक्षराच्या मधेच पेन उचलतो. खरा लिहिणारा थांबत नाही. शिवाय तो एकच शब्द दोनदा तंतोतंत सारखा कधीच लिहीत नाही. थकला की अक्षर उतरतं, खूश असला की पसरतं.

वहीत माझ्या ऑफिसच्या प्रत्येक दिवसाची एक नोंद होती. तारीख, एक वाजता, गोळी दिली. ‘गोळी’तला ळ मी एका दमात काढते, खालची गाठ न सोडता. शिरोरेघ पहिल्या अक्षराच्या जरा आधीपासून ओढते. कुणाला शिकवूनही नेमकं जमणार नाही, असं ते आहे. सगळ्या नोंदींत ते तसंच होतं. पेन कुठे उचललेलं नव्हतं, रेघ कुठे थरथरली नव्हती. काही दिवशी अक्षर थकलेलं होतं, काही दिवशी मोकळं. मी दोन तास शोधलं. अक्षर माझं होतं. शपथेवर सांगेन.

आणि नोंदीखाली कधी एखादी ओळ असायची. आज आईने समोरच्या गच्चीवरच्या मांजराला नाव ठेवलं. आज आई लहानपणच्या विहिरीबद्दल बोलली. आज नुसत्याच बसलो, बरं वाटलं.

मी रडले. भीती वाटायला हवी होती, ती थोडी होतीही, पण त्याहून मोठं काहीतरी छातीवरून उतरलं होतं. चार वर्षं माझा पहिला घास अडत होता, आणि चार वर्षं आई एकटी नव्हती. कुणीतरी स्टुलावर बसून तिचं ऐकत होतं. कोण, हे मला त्या क्षणी विचारायचं नव्हतं. त्या दिवशी मी दुपारी पोटभर जेवले.

शेवटची नोंद गेल्या शुक्रवारची होती. ती मी जेवून आल्यावर वाचली.

‘सोमवारपासून ती घरी असेल. गोळी अर्धी करून द्यायची. आई घाईत गिळते, ठसका लागतो.’

मी वही मिटली. त्या दुपारपासून गोळी अर्धी करून देऊ लागले. ठसका लागला नाही.

मग सोमवारपासूनच्या नोंदी मी लिहायला घेतल्या. राहिलेल्या दोन दिवसांच्याही लिहिल्या. वही तुटायला नको, एवढंच मनात होतं. खिडकीशी स्टुलावर बसून आईचं ऐकायचं, मग लिहायचं. विहिरीची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. आई ती सांगताना मधेच म्हणायची, “हे तुला माहीतच आहे.” मी मान डोलवायचे.

पाठ दुखली नाही. दबलेल्या उशीत मी बरोबर बसले.

शुक्रवारी साडेबाराला आई केस विंचरत होती. मी वही उघडली. या आठवड्याच्या चार नोंदी आणि त्याआधीच्या चार, समोरासमोर. गंमत म्हणून भिंग धरलं.

सोमवारच्या ‘गोळी’त ळच्या मधोमध पेन उचललेलं होतं.

मंगळवारीही. त्याच जागी.

शिरोरेघ थरथरली होती. बुधवारची आणि गुरुवारची ‘दिली’ एकमेकींवर ठेवली असती तर तंतोतंत जुळली असती. हात सावकाश चालला होता, मजकूर बघून बघून.

असा कागद ऑफिसात आला असता तर मी दोन ओळींत निकाल दिला असता. पहिल्या नोंदी मूळ लेखिकेच्या. शेवटच्या चार दुसऱ्या कुणीतरी नक्कल केलेल्या.

“झालं का बघून?” आईने विचारलं.

मी भिंग खाली ठेवलं. तिने वहीत डोकावलं, चष्मा वर केला आणि माझ्या नोंदींवरून डाव्या हाताचं बोट हळूच फिरवलं.

“असू दे,” ती म्हणाली. किती मायेने म्हणाली. “लगेच कसं येईल? वर्ष आहे तुझ्याकडे.”

मग तिने तळहात पुढे केला. एक वाजला होता. मी गोळी अर्धी केली.