बिनआवाजाचं बोलणं

जरा हळू सांगते, पोर आत्ताच झोपलंय. दिवा असू द्या तसाच. अंधारात हे सांगायचं धाडस माझ्यात नाही.

सुरुवात अगदी साधी होती. लेकीला कानाच्या डॉक्टरांकडे दाखवायला नेलं होतं. दीड वर्षाची झाली तरी तोंडातून चकार शब्द नाही. शब्द सोडाच, रडणंही बिनआवाजाचं. तोंड उघडायचं, गालांवरून पाणी वाहायचं, आणि घरात शांतता. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती गुणी गं तुझी पोर!" ते ऐकून मी पुन्हा पुस्तक उघडायचे. मी पुस्तकं वाचून आई झालेली बाई. पुस्तकात जे जे दुखणं लिहिलंय ते आपल्याच मुलीला झालंय, अशी माझी पक्की खात्री असते.

डॉक्टरीणबाईंनी तिच्यामागे खुळखुळा वाजवला, यंत्र लावलं, आलेख बघितला.

"कान ठणठणीत आहेत. घसाही."

"मग बोलत का नाही?"

"बोलेल हो. तुम्ही बोलता ना तिच्याशी?"

"बोलते की," मी घाईघाईने म्हटलं. खरं तर मी दिवसभर बोलते ती पडद्याशी. घरूनच काम, कानांवर हेडफोन. "एक मिनिट हं, राणी" एवढंच काय ते आमचं मायलेकींचं संभाषण.

आमची इमारत एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या जागेवर उभी आहे. हे शहर मोठं झालं ते कापडावर. भोंगा वाजला की गल्ल्याच्या गल्ल्या उठायच्या, भोंगा वाजला की जेवायच्या. बायका केसांत कापसाचे तंतू घेऊनच घरी यायच्या. मग गिरण्या बसल्या, आणि जमीन कापडापेक्षा महाग झाली. आता खाली बँका आणि चकाचक दुकानं, वर आम्ही. चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. संध्याकाळी तिला रंगीत दिवे लावतात. एवढी माणसं जिथे राबली तिथे आता आवाज म्हणाल तर लिफ्टचा.

डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी सासूबाई आल्या. त्या मोठ्या दिरांकडे राहतात. नात रांगायला लागल्यापासून पहिल्यांदाच येत होत्या. जेवून आतल्या खोलीत पडल्या. मी कामाला बसले. थोड्या वेळाने हेडफोनची बॅटरी गेली, आणि मला ती शांतता ऐकू आली.

शांतता म्हणावी तरी कशी? कानांना काही नव्हतं, पण तळपायांना होतं. फरशी बारीक थरथरत होती. खालून, खूप खालून, शेकडो काहीतरी एका तालात आपटत असावं तशी. आणि वास. यंत्राच्या तेलाचा, गरम झालेल्या सुताचा. मला वाटलं, वायर जळतेय. तशी मला रोजच कुठे ना कुठे वायर जळल्यासारखी वाटते. मी उठून हॉलच्या दारात आले.

लेक खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. तोंड चालू होतं. ओठ ताणले जात होते, मिटत होते, गोल होत होते, एखाद्याला लांबून काही समजावून सांगावं तसे ठसठशीत. मधेच ती छातीवर हात आपटायची. मग थांबायची. कोपऱ्यात वर बघत राहायची, मान किंचित कलती करून. आणि हसायची. बिनआवाजाचं, अंग हलवून.

कोपऱ्यात काही नव्हतं. पडदासुद्धा हलत नव्हता.

माझ्या खांद्यावर हात पडला आणि मी किंचाळणारच होते. सासूबाई होत्या. त्यांचा हात गार पडला होता.

"केव्हापासून करते ही असं?" त्या कुजबुजल्या.

"माहीत नाही… आई, मी आजच डॉक्टरांना दाखवलंय, त्या म्हणाल्या…"

"डॉक्टर राहू दे. ही गिरणीतलं बोलतेय."

"म्हणजे?"

"साचेखात्यात, माग चालायचे ना तिथे, कान फुटायचे. शेजारच्या बाईचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. मग बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. माझी आई इथल्याच गिरणीत होती, जन्मभर अशीच बोलली. घरीसुद्धा. सवयच लागली तिला. मला तिचा आवाज आठवत नाही गं… ओठ आठवतात."

तेवढ्यात लेक वळली. आजीला बघून तिचा चेहरा उजळला. ओठ मिटले, गोल झाले, पुन्हा मिटले, शेवटी पसरले. तेच पुन्हा एकदा.

सासूबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"मला भोपळी म्हणतेय."

"काय?"

"मी गुबगुबीत होते लहानपणी. आई मला भोपळी म्हणायची. तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं ते. हिला कुणी सांगितलं?"

मी कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. दुसरं काय करणार?

सासूबाई मात्र नातीच्या ओठांवरून नजर हलवत नव्हत्या. वाचत वाचत म्हणाल्या, "ती बोलत नाहीये. उत्तरं देतेय. 'नाही ओरडणार'… 'हो, आई कामात आहे'… 'तू बस ना इथेच'…"

दीड वर्षं मी जिला गप्प म्हणत होते, ती कुणीतरी प्रेमाने गप्प केलेली होती.

"मलाही असंच सांगायची," सासूबाई म्हणाल्या. "मागाच्या शेजारी टोपलीत ठेवायची मला. 'भोपळे, आवाज काढू नकोस, मुकादम येईल. मी आहे ना.'"

"पण आई, इथे मुकादम नाही! आणि… इतक्या वरच्या मजल्यावर?"

"आली असेल लिफ्टने," सासूबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी असताना आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसलो.

मग मी म्हटलं, "मला शिकवा. मला सांगायचंय त्यांना."

कोपऱ्यासमोर मांडी घालून बसताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. एवढं शिकून रिकाम्या भिंतीसमोर तोंड वेंगाडतेय! सासूबाई शेजारून सांगत होत्या, "मोठं उघड तोंड. घाई करू नकोस. तिला कमीच दिसायचं." आणि मी एकेक शब्द ओठांनी घडवत गेले. तुम्ही सांभाळलंत. उपकार झाले. आता तिला ओरडू दे. मी कामात असले तरी ओरडू दे. मला ऐकायचंय.

फरशीची थरथर थांबली. एकदम नाही. एकेक माग बंद करत कुणीतरी खातं रिकामं करावं, तशी.

लेक कोपऱ्याकडे बघत राहिली. तिने मान डोलावली. मग माझ्याकडे वळली, श्वास भरून घेतला, आणि शेकडो मागांच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आई!"

शेजारच्या काकू धावत आल्या. मी लेकीला छातीशी धरून रडत होते, आणि ती माझ्या कानात "आई, आई, आई" करून थैमान घालत होती. त्या दिवसापासून घरात क्षणाची शांतता नाही. हेडफोन मी कपाटात टाकले. काम मागे पडतं, साहेब कुरकुर करतात, करू देत.

इथेच संपवायला हवं होतं मी. पण परवाची दुपार राहिली.

लेक आत झोपली होती. तेव्हापासून इथेच राहिलेल्या सासूबाई त्याच कोपऱ्यासमोर पाट घेऊन बसल्या होत्या. ओठ हलत होते. थांबत होते. लहान मुलीसारख्या लाजून हसत होत्या. मला वाटलं, बसू दे, मायलेकींचं राहिलेलं बोलून होऊ दे. मी पाय न वाजवता मागे वळले.

"थांब," त्या म्हणाल्या. "आई काहीतरी विचारतेय तुला."

"मला?"

"ती म्हणतेय… या दुसऱ्याशी आधी तू बोलणार, की तिने सुरुवात करायची?"

कुठला दुसरा? मी अजून कुणाला काही बोलले नव्हते. मला स्वतःलाच खात्री नव्हती. नुसता संशय होता, तोही सकाळपासूनचा.

सासूबाई उत्तराची वाट बघत होत्या. पण त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती. ती खाली होती, माझ्या पोटाशी, तिथे कुणीतरी वाकून, कान लावून उभं असावं अशी.