वजाबाकीत उरलेला

त्या दुपारी मी वर गेले ती फक्त डिस्क आणायला. आमच्या दुर्बिणीचा डेटा इतका साठतो की तो तारेवरून खाली पाठवायला परवडत नाही. कुणीतरी गाडी घेऊन पठारावर जायचं, भरलेली डिस्क काढायची, रिकामी लावायची आणि उजेडात परतायचं. पायथ्याच्या सान पेद्रो गावातल्या बेकरीतून ताजे पाव घेतले, उंची बाधू नये म्हणून थर्मासमध्ये कोकाच्या पानांचा चहा भरला आणि ऑक्सिजनचा सिलिंडर तपासला. मग पुन्हा तपासला. का, ते ऐका. आणि ऐकून तुमचं डोकं फिरलं नाही, तर मला ग्रिसेल्दा म्हणू नका.

पठाराच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर मी सवयीने हॉर्न दिला, दोन छोटे. तिथे आमच्या ड्रायव्हरची, नेमेसिओकाकांची आनिमिता होती. आमच्याकडे रस्त्यात कुणाला अचानक मरण आलं, की त्याच जागी गुडघाभर उंचीचं घर बांधून देतात. शरीर दफनभूमीत जातं, पण जीव मेल्या जागी घुटमळतो, आणि त्याला डोक्यावर छप्पर हवं. येणारा-जाणारा तिथे पाणी ठेवतो, मेणबत्ती लावतो, गाडीवाला हॉर्न वाजवून पुढे जातो. काकांच्या घराचा पत्रा साबिनाकाकूने, त्यांच्या बायकोने, स्वतःच्या हाताने ठोकला होता.

हॉर्न दिला आणि बघते तो घर नाही. जमिनीत चार भोकं, बाजूला चिरडलेली प्लास्टिकची फुलं. मी गाडी थांबवून खाली उतरले, तर वाऱ्याने तोंडात रेती भरली. आणि वास आला, डिझेलचा आणि चघळलेल्या कोकाच्या पानांचा. काकांच्या जॅकेटला यायचा तोच.

कंट्रोल रूम म्हणजे एक मोठा कंटेनर आहे. आत पंपाने ऑक्सिजन सोडलेला असतो, कारण त्या उंचीवर माणसाला साधी बेरीजही धड जमत नाही. ओवाये साहेब एकटेच बसले होते. प्रकल्पाचे प्रमुख, सान्तियागोच्या बड्या घरचे, निकाल जाहीर करायची घाई लागलेले.

"काकांचं घर कुठे गेलं?" मी दारातूनच विचारलं.

"आधी दार लाव. ऑक्सिजन वाया जातोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑक्सिजनची काळजी, आणि ती ह्या माणसाला!

"काल काढायला लावलं," ते पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. "पत्रा दुपारी तापतो, त्याची ऊब आपल्या नकाशात शिरते. सामान शेडमध्ये आहे. त्या बाईला सांग, घेऊन जा म्हणावं."

"त्या बाईचं नाव साबिना आहे."

"बरं. साबिनाला सांग."

ही ऊब काय भानगड आहे ते आधी सांगते. विश्व जन्मलं तेव्हाच्या उजेडाचा अवशेष अजून आकाशभर पसरलेला आहे, अतिशय मंद, अतिशय थंड. कुठे तो लाखातला एक भाग जास्त, कुठे कमी; आमच्या नकाशात त्याचे ठिपके दिसतात. एकट्या ठिपक्याला काही अर्थ नसतो. पण कोणत्या आकाराचे ठिपके किती आहेत ह्याची मोजदाद केली, की अगदी सुरुवातीला काय घडलं असेल ते कळू लागतं. पंचाईत अशी की जमीन, गाडी, माणूस, सगळं त्या अवशेषाच्या शंभरपट गरम. दुर्बिणीच्या कोपऱ्यातून त्यांची ऊब आत घुसते. म्हणून आम्ही वजाबाकी करतो. आकाशाचा तोच तुकडा सकाळी टिपायचा, दुपारी टिपायचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा. आकाश दोन्हीकडे सारखंच, ते उडून जातं. मागे नुसता खरखराट उरला पाहिजे. आकार उरला, तर तो आकाशाचा नव्हे, इथला, आमचा.

आणि गेले काही महिने आमच्या वजाबाकीत एक ठिपका उरत होता. वळणाच्या दिशेला, फक्त दुपारी.

नेमेसिओकाका आमचे ड्रायव्हर होते, खालच्या तोकोनाओ गावचे. दुर्बीण बारीक मोजमाप करत असली की वळणावरून गाडी पुढे न्यायची नाही, वर वा खाली, असा नियम आहे. तिथे लाल दिवा आहे. ड्रायव्हरने थांबायचं, रेडिओवर विचारायचं आणि परवानगी मिळाली तरच निघायचं. त्या दिवशी काका वर डिझेल पोचवून परतत होते. उंची बाधली होती आणि सिलिंडर संपला होता. कंट्रोलला ओवाये साहेब होते. मी खालच्या तळावर होते, रेडिओवर सगळं ऐकत होते.

"कंट्रोल... डोकं फुटतंय साहेब... उतरू का?"

"थांब. स्कॅन संपू दे."

थोड्या वेळाने पुन्हा, "उतरू का?" पुन्हा, "थांब." मी रेडिओवर ओरडले, "काका, मरू द्या ती दुर्बीण, या खाली!" पण काका जुन्या वळणाचे, साहेबाचा शब्द मोडायचे नाहीत. मी गाडी काढून सुसाट वर गेले. पोचले तेव्हा ते काच खाली करून बसले होते, तोंड उताराकडे, हात हॉर्नवर. हात थंड पडला होता.

चौकशीत निघालं की हृदय आधीच कमजोर होतं. अंत्यविधीला साहेबांनी भाषण केलं, नेमेसिओ आमच्या घरचाच माणूस होता म्हणे. मेल्या म्हशीला मणभर दूध! साबिनाकाकूने त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, वळणावर चार हात जागा. ती साहेबांनी सगळ्यांसमोर दिली आणि काल गुपचूप परत घेतली.

"साहेब, पत्रा काल काढलात ना?" मी पडद्याकडे बोट केलं. आजची वजाबाकी हळूहळू भरत होती. "मग हे काय आहे?"

वळणाच्या दिशेला ठिपका होता. कालच्यासारखाच.

साहेबांनी चष्मा पुसला. "दगड तापत असतील."

"मी जुना डेटा तपासलाय. काकूने मरणानंतरची नऊ दिवसांची प्रार्थना संपल्यावर घर बांधलं. ठिपका त्याच्या आधीपासून आहे. काका गेले त्या दुपारपासून."

"योगायोग."

"तुम्ही योगायोगाची शक्यता मोजून पगार घेता. मोजा की हीसुद्धा!"

"ग्रिसेल्दा, आवाज खाली." त्यांनी कळफलक पुढे ओढला. "जमिनीकडून येणारं जे जे असेल ते फिल्टरने उडवून टाक. निकालात मला फक्त आकाश हवंय."

फक्त आकाश! मला हुंदका आला आणि त्याचाच पुन्हा राग आला. मी म्हणाले, "तुम्ही माणसाला जिवंतपणी थांबवलंत, मेल्यावर त्याचं घर मोडलंत. आता नकाशातूनही पुसायचंय?" त्यांनी पडद्याकडे तोंड वळवलं.

बाहेर दुपारचा वारा सुटला. पठारावर तो सुटतो तेव्हा कंटेनरचे पत्रे कुरकुरतात आणि बारीक खडी भिंतीवर सडसडते. खिडकीतून वळण दिसत होतं. ऊन इतकं लख्ख की दगडांना सावली नव्हती. तिथे काहीच नव्हतं. नुसता लाल दिवा. खोलीत मात्र डिझेलचा वास येऊ लागला... दार बंद असताना.

रेडिओ खरखरला.

"कंट्रोल..."

साहेब पडद्यात गढलेले. हात आपोआप माइककडे गेला.

"...उतरू का?"

"थांब," साहेब म्हणाले. "स्कॅन चालू आहे."

मग त्यांच्या लक्षात आलं. मी त्यांच्या मानेवरचा घाम पाहिला. त्या दुपारी पठारावर आम्ही दोघंच होतो. वर येणारी दुसरी गाडी नव्हती.

"कोण आहे?" ते कुजबुजले. "कोण चेष्टा करतंय?"

"डोकं फुटतंय साहेब..." आवाज दमलेला होता, पण तक्रार नव्हती त्यात. मरतानाही नव्हती. "...उतरू का?"

भीती मला वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. इतके महिने रोज दुपारी हा भला माणूस तिथे बसून परवानगी मागतोय, आणि आम्ही त्याला खरखराट समजून उडवतोय! मी साहेबांच्या हातातून माइक हिसकावला.

"उतरा काका. मी ग्रिसेल्दा बोलतेय. परवानगी आहे. घरी जा."

खरखर थांबली. लांबून, वळणाच्या बाजूने, हॉर्न ऐकू आला. दोन छोटे. लाल दिव्याखाली कुठलीच गाडी नव्हती.

मग पडद्यावर नकाशा ताजा झाला. ठिपका गेला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ, एकसारखा खरखराट, जुन्या टीव्हीवर मुंग्या याव्यात तसा.

"बघ," साहेबांना एकदम कंठ फुटला. "गेला! म्हटलं नव्हतं, दगड निवाले की जाईल?" ते हसले. हसू शकले ते! "डिस्क मीच नेतो खाली. इथे माझं डोकं दुखायला लागलंय. तू रात्रपाळीची माणसं येईपर्यंत थांब."

मी अडवलं नाही. ते गाडी काढून निघाले, मी खिडकीत उभी राहिले. ओवाये साहेबांनी वळणावर कधी हॉर्न दिला नव्हता. अडाणी चाळे म्हणायचे. त्या दिवशी त्यांची गाडी दिव्याखाली थांबली. दिवा तेव्हा हिरवा होता, तरी थांबली. जरा वेळ तशीच उभी राहिली. मग दोन छोटे हॉर्न झाले आणि गाडी उताराला लागली, सावकाश, खड्डे चुकवत. साहेब कधी खड्डे चुकवत नसत.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा फोन आला. साबिनाकाकू होती. आवाज इतका हलका की फोन कानात दाबावा लागला.

"ग्रिसे... तुझा साहेब आलाय इथे."

"तुमच्याकडे? कशाला?"

"दारात दोनदा हॉर्न दिला. कुत्रा भुंकला नाही गं, शेपूट हलवत गेला. बूट बाहेर काढले. न विचारता मागच्या दाराने आत आला, फडताळातून स्वतःचा कप घेतला. म्हणजे... त्यांचा कप." ती आणखी हळू बोलू लागली. "मला चिमणे म्हणाला. तीस वर्षांत मला ह्या नावाने एकच माणूस हाक मारायचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता बकऱ्यांना पाणी दाखवतोय," काकू म्हणाली. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. "डोकं उतरलं म्हणतो. ग्रिसे, कुणाला सांगू नकोस हं. राहू दे त्यांना."

तिने फोन ठेवला. मी मान वर केली, तर पडद्यावर वळणाच्या दिशेला ठिपका होता. पुन्हा, त्याच जागी. आणि रेडिओ खरखरला.

"कंट्रोल... ग्रिसेल्दा..." तो आवाज कुणीही ओळखला असता. सान्तियागोच्या बड्या घरचा, आता पार चिरकलेला. "इथे फार थंडी आहे... गाडी दिसत नाहीये माझी... श्वास... उतरू का?"

मी खिडकीतून पाहिलं. वळण रिकामं होतं. दिवा लाल होता.

मी माइक जवळ घेतला. मला काकांचा थंड हात आठवला, चिरडलेली फुलं आठवली.

"थांबा साहेब," मी म्हणाले. "स्कॅन संपू दे."

पुढे ओवाये साहेबांनी नोकरी सोडली. तब्येत, असं कारण दिलं. ते तोकोनाओत राहतात, बकऱ्या पाळतात, मी गेले की चहात माझ्या आवडीइतकी साखर घालतात. निकाल दुसऱ्याच कुणी जाहीर केला, वळणाचा भाग गाळून. दुर्बीण मी सांभाळते. रोज दुपारी वारा सुटतो, पत्रे कुरकुरतात आणि रेडिओ खरखरतो. मी दरवेळी तेच उत्तर देते.

स्कॅन अजून संपलेला नाही.