डाव्या पाळीचं मॉड्यूल

धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या एका पाणीवापर संस्थेत मी जुलैत रुजू झाले. तलावाची आठ दारं ज्या प्रोग्रामवर चालतात, तो सांभाळायचं काम. लिहिला होता देवानंद कापगते यांनी. ते दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि तो एकदाही बंद पडला नव्हता.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्तीही होती. सगळं एकाच फाईलमध्ये. कुठलीही ओळ कुठलाही आकडा बदलायची. तिसऱ्या दाराची वेळ बदलली की सातवं उघडायचं. देवानंदभाऊंनी ते टाकून सगळं नव्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं होतं. प्रत्येक दाराचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा स्वतंत्र कप्पा. आतलं बाहेर दिसत नाही. बाहेरून एवढंच विचारायचं किंवा सांगायचं, पाणी किती, दार उघड, दार बंद. फुटांच्या जागी मी चुकून लिटर दिले तर भाषाच अडवायची, प्रोग्राम सुरूच होत नसे. बारा वर्षांच्या नोकरीत मी इतकं स्वच्छ काम पाहिलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात पाचव्या दाराला पावसाचा आकडा जोडायचा होता. बघते तर त्यासाठी जागा सोडलेलीच. चांगला माणूस पुढचं बघून लिहितो, मी म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात एका नव्या फंक्शनचं नाव मी घरून येताना मनात ठरवलं. फाईल उघडली. त्याच नावाचं फंक्शन तिथे होतं, नुसतं भरायचं बाकी.

मी ते भरलं. बाकीच्या सात दारांना धक्काही लागला नाही.

अकरा ऑगस्टला सकाळी यादीत नऊ मॉड्यूलं दिसली. नवव्याचं नाव ‘डावी पाळ, मोहाखाली’. तलावाच्या डाव्या बांधावर मोहाचं एक झाड होतं. आत एकच आकडा, दर मिनिटाला वाढणारा.

चौकीदार मंगरूकाका दाराशी चहा पीत होते.

“काका, मोहाखाली काही मशीन बसवलंय?”

“नाही जी. तिकडं वायरच नाही. काऊन?”

मी स्क्रीन दाखवली. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि फावडं उचललं.

मोहाखालचं गवत ओलं होतं. काकांनी जरा माती ओढली आणि मनगटाएवढी गढूळ धार उसळली.

“पाळ फुटून राहिली, मोनालीबाई!”

खाली दीडशे घरं होती. मी ऑफिसकडे धावले. आठही दारं एकदम उघडायची सोय प्रोग्राममध्ये नव्हती. वीस ओळी लिहिल्या. पहिल्याच खेपेला चाललं.

दारं उघडली, पाणी कालव्यांतून शेतांकडे निघालं आणि पाळीवरचा दाब उतरू लागला. काकांनी गाव गोळा केलं. दुपारपर्यंत मातीच्या गोण्यांनी धार दाबली.

परतले तेव्हा नवव्या मॉड्यूलमध्ये शून्य होतं.

“देवानंदभाऊ असेच,” काका हळूच म्हणाले. “बोलत नव्हते. करून ठेवत.”

मी नकळत हात जोडले.

मग त्या नवव्या मॉड्यूलच्या फाईलची तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीची.

खाली एक टीप होती, ‘पुढच्या माणसासाठी’. सकाळच्या माझ्या वीस ओळी त्यात समजावल्या होत्या. एकेक ओळ घेऊन, नवख्यालाही कळेल अशा.

शेवटी लिहिलं होतं, ‘मोनालीबाई आज जित्या राहत्या, तं हे त्यायनंच सांगतलं असतं.’